शिकारखाना, प्राणिसंग्रहालय आणि अभयारण्य : करवीरचे चित्ते व राधानगरीचे गवे

वन्य प्राण्यांना आपल्या अंकित ठेवण्याचे तीन प्रकार मनुष्याच्या इतिहासात दिसून येतात. राजाने आपल्या वैभवाचे चिन्ह म्हणून बाळगलेला शिकारखाना हा पहिला, नगरपालिकेने लोकांच्या रंजनासाठी व शिक्षणासाठी उभारलेले प्राणिसंग्रहालय हा दुसरा, आणि शासनाने कायद्याने राखलेले अभयारण्य हा तिसरा. हे तीन प्रकार म्हणजे एकाच विकासक्रमाच्या तीन पायऱ्या होत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. करवीर संस्थानच्या भूमीवर हे प्रकार शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत एकामागून एक, आणि काही काळ एकाच वेळी, नांदलेले आहेत. त्यांपैकी चित्ता व गवा ह्या दोन प्राण्यांचे भवितव्य कसे वेगवेगळे ठरले हे पाहिले, म्हणजे प्राणी पाळणे आणि प्राण्याची जात राखणे ह्या दोन क्रियांतील भेद स्पष्ट होतो.

१. शिकारखाना

'शिकारखाना' हा शब्द मराठी दफ्तरांत जुना आहे. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता व सवाई माधवरावांना त्याची विशेष आवड होती. गंगाराम चिंतामण तांबट ह्या चित्रकाराने १७९० साली ह्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आजही अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. ज्या प्रदेशात गेंडा आढळत नाही तेथे तो आणून ठेवणे, ह्यातच शिकारखान्याचे प्रयोजन सांगितले जाते. प्राणी जितका दुर्मिळ व दुरून आणलेला, तितकी धन्याची प्रतिष्ठा अधिक. त्या प्राण्याला संतती व्हावी, त्याची जात टिकावी, हा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. एक मेला तर दुसरा आणावा, एवढाच तिचा नियम होता.

करवीर दरबारातही ही परंपरा दृढ होती. राजर्षी शाहू महाराजांना १८९४ साली राज्याधिकार प्राप्त झाले. सामाजिक सुधारणा, शिक्षणप्रसार, मल्लविद्या ह्यांबरोबर शिकार हाही त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग होता. कोल्हापूर शहरातील 'साठमारी' हे स्थलनाम त्या काळच्या हत्तींच्या खेळाची आठवण अजून जागवते. मस्तीवर आलेल्या हत्तीला रिंगणात सोडून चपळ माणसांनी त्यास डिवचावे व त्याच्या हल्ल्यातून शिताफीने निसटावे, असा तो खेळ असे. शहराजवळ सोनतळी येथे महाराजांचा तळ असे. गुन्हेगार ठरवून समाजाने ज्यांना दूर लोटले होते, त्या फासेपारध्यांपैकी अनेकांना महाराजांनी आपल्या सेवेत घेतले. रानाची व जनावरांच्या सवयींची जी जाण ह्या लोकांपाशी होती, ती कोणत्याही ग्रंथात नव्हती. शिकारखान्याच्या इतिहासात राजांची नावे येतात; परंतु त्यातील खरे प्राणिज्ञान माहूत, पारधी व चित्तेवान ह्यांच्यापाशी होते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवे.

२. चित्त्याची शिकार

करवीरच्या शिकारखान्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे चित्ते. येथे 'चित्त्याची शिकार' म्हणजे चित्त्याकरवी केलेली काळविटाची शिकार. ही पद्धत भारतात अनेक शतके चालत आली होती. अकबराने एके काळी एक हजार चित्ते जमविले होते, असे जहांगीराने नमूद केले आहे. विसाव्या शतकात ज्या थोड्या संस्थानांनी ही परंपरा चालू ठेवली, त्यांत कोल्हापूर व भावनगर ही दोन प्रमुख होती. भावनगरचे भावसिंहजी हे शाहू महाराजांचे सहाध्यायी होते आणि दोन्ही दरबारांत ह्या शिकारीचा शौक होता. शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही कोल्हापुरास ती चालू राहिली.

शिकारीची रीत अशी. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्यास बैलगाडीवर बसवीत. माळावर चरणारे काळवीट माणसाला पाहून उधळत. परंतु शेतकऱ्यांच्या गाड्या नित्य पाहिलेल्या असल्यामुळे गाडीला ते फारसे बुजत नसत. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढून चित्त्यास मोकळे सोडीत. पुढील धाव थोड्याच वेळाची असे. चित्ता अतिशय वेगवान खरा. पण तो वेग काही शे मीटरांपलीकडे टिकत नाही. एवढ्या अंतरात सावज हाती आले नाही तर तो धाव सोडून देई. सावज पडले तर चित्तेवान तेथे पोहोचून त्याचा गळा चिरी, पळीभर रक्त व मांसाचा तुकडा चित्त्यास देई, आणि पुन्हा टोपी चढवून त्यास गाडीवर घेई.

ह्या पद्धतीतील एक गोष्ट प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी. शिकारीसाठी पकडावयाचा चित्ता हा रानात वाढलेला, पूर्ण वयाचाच लागे. सावजाचा माग काढणे, दबा धरणे व त्याचा गळा पकडणे ह्या गोष्टी बछडा आपल्या आईपासून शिकतो. पिंजऱ्यात वाढलेल्या बछड्याला हे शिक्षण मिळत नाही, आणि चित्तेवानास ते देता येत नाही. चित्तेवान फक्त माणसाच्या सहवासाची सवय लावीत असे. शिकार चित्त्यास आधीच येत असे. म्हणजे ही सर्व कला रानातील मोकळ्या चित्त्यांवर अवलंबून होती. ज्या झऱ्याचे पाणी उपसावयाचे, तो झरा जिवंत ठेवण्याची तजवीज मात्र कोणी केली नव्हती.

त्याचा परिणाम लवकरच दिसून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय चित्ता इतका विरळ झाला होता की संस्थानिकांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९१८ ते १९४५ ह्या काळात अशा रीतीने किमान दोनशे चित्ते भारतात आयात झाले, असे दिव्यभानुसिंह ह्यांनी आपल्या चित्ताविषयक ग्रंथात दाखवून दिले आहे. कोल्हापूरच्या माळांवर जे चित्ते लोकांनी पाहिले, त्यांत ह्या आफ्रिकी चित्त्यांचा भरणा होता. शिकारखाना भरलेला दिसत होता, आणि त्याच वेळी देशातील चित्ता संपत आला होता. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात १९४७ साली तेथील महाराजांनी मारलेले तीन नर चित्ते ही भारतातील मोकळ्या चित्त्याची शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

३. चित्ता बंदिवासात का वाढला नाही

एक हजार चित्ते ज्याने जमविले, त्याच्या पदरी त्यांची पैदास का होऊ नये? जहांगीराच्या आठवणींत बंदिवासातील चित्त्यास पिल्ले झाल्याची एकच नोंद आहे. ती १६१३ सालची असून, गळपट्टा निसटून मोकळा झालेला एक नर मादीपाशी गेला व पुढे तिला तीन पिल्ले झाली, असा तो वृत्तांत आहे. त्यानंतर बंदिवासातील चित्त्यांच्या जन्माची नोंद थेट १९५६ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. मध्ये साडेतीन शतके लोटली!

ह्याचे कारण चित्त्याच्या जीवनपद्धतीत आहे. मोकळ्या रानात मादी एकटी राहते; नर पुष्कळदा दोघा-तिघा भावांच्या टोळीने हिंडतात. नर व मादी एरवी एकत्र नसतात. मादी माजावर येते तेव्हाच नर तिचा माग काढीत येतात आणि त्यांतून ती एकाचा स्वीकार करते. दोघांना एकाच पिंजऱ्यात कायमचे कोंडल्यास ही सर्व क्रिया खुंटते. आधुनिक संग्रहालयांना नर व मादी परस्परांपासून दूर ठेवून योग्य वेळीच एकत्र आणण्याची युक्ती साधली, तेव्हा त्यांना यश येऊ लागले. जहांगीराच्या नोंदीतील निसटलेल्या गळपट्ट्याचे महत्त्व ह्या दृष्टीने सहज कळून येते. त्यातच चित्त्यांतील आनुवंशिक विविधता अत्यंत अल्प असल्याचे १९८० नंतरच्या संशोधनात आढळून आले. अशा जातीस संख्येची घट विशेषच बाधक ठरते.

चित्ता भारतात पुन्हा आणण्याचा प्रयत्न मध्य प्रदेशातील कुनो येथे झाला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ व फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते तेथे आले. आणलेल्यांपैकी कित्येक पहिल्या वर्षातच दगावले, तसेच तेथे बछड्यांचे जन्मही झाले. ह्या प्रयोगाच्या यशापयशाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनापुरता मुद्दा इतकाच की, एकदा गमावलेली जात परत आणण्यास दोन खंडांच्या सरकारांना खटपट करावी लागते, आणि तरीही जी आली ती आफ्रिकी उपजात होय. आशियाई चित्ता आज केवळ इराणात, तोही अत्यल्प संख्येने, उरला आहे.

४. नागरी प्राणिसंग्रहालय

शिकारखान्यातून सार्वजनिक प्राणिसंग्रहालय कसे निर्माण झाले, ह्याचा इतिहास युरोपात व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यापासून (१७५२) सुरू होतो. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, १७९३ साली, पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात प्राणी ठेवण्यात आले. लंडनचे संग्रहालय १८२८ साली शास्त्रीय अभ्यासाच्या हेतूने स्थापन झाले. भारतात मद्रास व कलकत्ता ह्या शहरांत एकोणिसाव्या शतकातच अशी संग्रहालये उभी राहिली.

मराठी वाचकाच्या परिचयाचे सर्वांत मोठे व जुने उदाहरण म्हणजे मुंबईची राणीची बाग. भायखळ्याच्या ह्या उद्यानाचे उद्घाटन १८६२ साली झाले. मूळ हेतू वनस्पतींचा होता व प्राणी मागाहून आले. १८७३ साली उद्यान नगरपालिकेकडे आले आणि आज ते वीरमाता जिजाबाई भोसले ह्यांच्या नावाने ओळखले जाते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८७९ साली सयाजीबाग व तेथील प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले केले. पुण्यात नगरपालिकेने १९५३ साली पेशवे पार्क सुरू केले. पुढे तेथील प्राणी कात्रजच्या प्रशस्त उद्यानात हलविण्यात आले.

ह्या संस्थांनी मोठे लोकशिक्षण केले, हे निर्विवाद आहे. मुंबईच्या गिरणगावातील मुलाने हत्ती किंवा पाणघोडा प्रथम पाहिला तो राणीच्या बागेत. परंतु प्राणी ठेवण्याची रीत दीर्घ काळ शिकारखान्याचीच राहिली. लोखंडी गज, दगडी फरशी, एकेका जातीचा एकेक नमुना, आणि तो मेल्यावर दुसरा. जर्मनीत हागेनबेक ह्याने १९०७ साली गजांच्या जागी खंदक योजून मोकळ्या आवारांची कल्पना प्रत्यक्षात आणली, तरी तिचा प्रसार आपल्याकडे सावकाश झाला. दुरून आणलेल्या प्राण्याचे आकर्षणही ओसरले नाही. २०१६ साली राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ह्या पक्ष्यास मुंबईच्या हवेत कृत्रिम थंडाव्यात ठेवावे लागते. २०१८ साली तेथे जन्मलेले पहिले पिल्लू अल्पावधीतच दगावले. नंतर इतर पिल्ले वाढली. तांबटाने रेखाटलेला गेंडा आणि हे पेंग्विन ह्यांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे. परंतु पाहणाऱ्याच्या कुतूहलाची जात एकच.

कायद्याने मात्र दृष्टी बदलली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले व त्याच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालविणे अवैध ठरले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने संग्रहालयाचे मुख्य प्रयोजन म्हणून संवर्धनास मान्यता दिली. रंजन हे साधन व रक्षण हे साध्य, असा क्रम निदान कागदावर तरी निश्चित झाला.

५. संग्रहालयाला काय साधते?

संग्रहालय एखादी जात वाचवू शकते काय? शकते, पण त्यास अटी आहेत. युरोपीय बायसन हा गव्याचा दूरचा भाऊबंद होय. १९२७ साली कॉकेशसमधील शेवटचा मोकळा बायसन मारला गेला व जात केवळ संग्रहालयांत आणि खाजगी उद्यानांत उरली. उरलेल्या सुमारे पन्नास प्राण्यांची वंशनोंद करून पद्धतशीर पैदास करण्यात आली आणि १९५२ साली पोलंडच्या बियालोविएझा अरण्यात ते पुन्हा मोकळे सोडले गेले. आजचे सर्व युरोपीय बायसन अवघ्या बारा पूर्वजांपासून झालेले आहेत. अरबस्तानातील ओरिक्स हरणाची कथाही अशीच आहे. १९६० नंतर काही प्राणी पकडून अमेरिकेत फिनिक्स येथे त्यांची पैदास केली. १९७२ च्या सुमारास रानातून ते नाहीसे झाले व १९८२ साली ओमानमध्ये त्यांना पुन्हा सोडण्यात आले. तेथे कळप चांगले वाढले. परंतु १९९६ पासून चोरटी शिकार व जिवंत प्राण्यांचा व्यापार बळावला आणि कळप उद्ध्वस्त झाले. पुढे शासनाने राखीव क्षेत्राचा मोठा भाग कमी केला तेव्हा, २००७ साली, जागतिक वारशाच्या यादीतून ते स्थळ वगळले गेले. ह्यावरून असे दिसते की संग्रहालय बी सांभाळू शकते, पण शेत नसेल तर बियाण्याचा उपयोग नाही.

दुसरी अट आनुवंशिकतेची आहे. वीस गव्यांचा एक बंदिस्त कळप कल्पावा. त्यात दोन प्रजनक नर व अठरा माद्या आहेत. डोकी मोजली तर संख्या वीस भरते. परंतु प्रत्येक नव्या पिढीत निम्मी आनुवंशिक द्रव्ये केवळ त्या दोन नरांकडून येतात. अशा वेळी प्रभावी प्रजननसंख्या काढण्याचे सूत्र असे आहे : नर व माद्या ह्यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे. येथे २ × १८ × ४ = १४४; त्यास २० ने भागता ७.२ येतात. म्हणजे वीस डोक्यांचा हा कळप आनुवंशिक दृष्टीने जेमतेम सात प्राण्यांचा आहे. दर पिढीस विविधतेची जी घट होते, ती प्रभावी संख्येच्या दुपटीने एकास भागले असता मिळते. येथे १ ÷ १४.४, म्हणजे जवळजवळ सात टक्के. पाच पिढ्यांत मूळ विविधतेपैकी सुमारे सत्तर टक्केच उरेल. निकट-संकराचे तात्कालिक दुष्परिणाम टाळण्यास प्रभावी संख्या निदान पन्नास आणि दीर्घकालीन टिकावासाठी निदान पाचशे असावी, असा ढोबळ नियम १९८० साली मांडला गेला. हे आकडेही अपुरे आहेत, असे पुढील काळात काही अभ्यासकांचे मत झाले. कोणत्याही एका नगराच्या संग्रहालयास ही संख्या पोसणे शक्य नाही. म्हणूनच अनेक संग्रहालयांनी सामाईक वंशनोंद ठेवून प्राण्यांची अदलाबदल करणे अपरिहार्य होते.

६. राधानगरी : राखलेले रान

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळू. कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे अरण्य आहे. संस्थानी अमलात ही छत्रपतींची राखीव शिकारभूमी होती. तेथे शिकार होत असे. परंतु ती इतरांस वर्ज्य असल्यामुळे आणि कुऱ्हाडीसही अटकाव असल्यामुळे रान टिकले. ह्याच परिसरात शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या नावाने राधानगरी वसविली व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवरील धरणाचे काम हाती घेतले. हे धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले. ह्या दोन्ही जलाशयांभोवतीचे रान आज अभयारण्यात मोडते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९५८ साली दाजीपूरचे 'गवा अभयारण्य' जाहीर झाले. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे असले, तरी चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, हे येथे ध्यानात घ्यावे. १९८५ साली अभयारण्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले व 'राधानगरी वन्यजीव अभयारण्य' हे नाव रूढ झाले. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत कास, कोयना व चांदोली ह्यांच्यासह राधानगरीही आहे.

गव्यास इंग्रजीच्या अनुकरणाने 'बायसन' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे. बायसन हे अमेरिकेत व युरोपात आढळतात. गवा हा आपल्या गाईबैलांच्याच गणातील प्राणी असून जगातील रानटी गोवंशात सर्वांत मोठा आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक हजार किलोग्रॅमपर्यंत जाते. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय ही त्याची खूण. कळपात माद्या व वासरे असतात आणि पुढारीपण बहुधा वयस्क मादीकडे असते. मोठे नर पुष्कळदा एकएकटे हिंडतात. तो गवतही खातो व झाडपालाही. त्यामुळे त्याला दाट झाडी व मोकळे गवताळ सडे अशी दोन्ही स्थळे जवळजवळ लागतात. राधानगरीच्या परिसरात जांभ्या दगडाचे सडे व त्यांच्या उतारांवरील सदाहरित झाडी ह्यांची सरमिसळ आहे, म्हणून हे रान त्याला मानवले.

चित्ता व गवा ह्यांच्या भवितव्यातील फरकाचे कारण येथे उघड होते. चित्त्याच्या बाबतीत दरबाराने प्राणी जवळ केला. त्याचे माळरान सुटत गेले. माळ ही पडीक जमीन होय, असे समीकरण महसुली दफ्तराने केले होते, आणि पाणी येताच पुष्कळसे माळ उसाखाली गेले. गव्याच्या बाबतीत दरबाराने प्राणी कधी कोंडला नाही. त्याचे रान मात्र राखले. हेतू शिकारीचा होता, परिणाम रक्षणाचा झाला. राजाने हेतुपूर्वक संवर्धन केले, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु राखलेली हद्द पुढील पिढीच्या उपयोगी पडली, हे नाकारता येत नाही. तिन्ही संस्था म्हणजे एकाच जिन्याच्या पायऱ्या, ही कल्पना म्हणून टिकत नाही. अभयारण्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो शिकारखान्यात सापडत नाही, शिकारीच्या राखीव रानात सापडतो.

७. आजचे प्रश्न

राधानगरीचे रान वाचले म्हणून प्रश्न संपले, असे नाही. पहिला प्रश्न रोगाचा. गवा गोवंशातील असल्यामुळे गुरांचे रोग त्यास जडतात. १९६८ साली कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरील बंदीपूर-मुदुमलई भागात बुळकांडीने असंख्य गवे मेले. बुळकांडी २०११ साली जगातून समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. पण लाळ-खुरकुतासारखे रोग आहेतच. अभयारण्यालगतच्या वाड्यांतील गुरांचे लसीकरण हे म्हणूनच गव्यांच्याही रक्षणाचे काम ठरते.

दुसरा प्रश्न मनुष्याशी येणाऱ्या संघर्षाचा. रानाच्या कडेला ऊस, भात व नाचणी उभी असता गव्याने तिकडे वळावे, ह्यात नवल नाही. ज्याचे वर्षाचे पीक एका रात्रीत तुडविले जाते, त्या शेतकऱ्याला जागतिक वारशाचे महत्त्व सांगून समाधान होणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले आणि शहरालगत एका तरुणाला प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी 'गवे धरून एखाद्या संग्रहालयात कोंडावेत' अशी मागणी होते. ती समजण्याजोगी असली तरी उपाय म्हणून निरुपयोगी आहे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूड भागात शिरलेला गवा लोकांच्या पाठलागानंतर व धरपकडीनंतर मरण पावला. रानटी खूरधारी प्राणी जिवाच्या आकांताने धावला म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान वाढते, स्नायूंचा नाश होऊ लागतो आणि त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होतात. बेशुद्धीचे औषध अचूक दिले, तरी आधी झालेली हानी भरून येत नाही. अशा वेळी गर्दी दूर ठेवून प्राण्यास परतीची वाट मोकळी करणे, हाच पशुवैद्यकाचा पहिला उपचार होय.

तिसरा प्रश्न रानाच्या अखंडतेचा. सड्यांच्या जांभ्याखाली बॉक्साइट आहे. खाणी, रस्ते व बांधकामे ह्यांनी डोंगराची धार जागोजाग तुटते. २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. राधानगरीत छायाचित्रित झालेला एक वाघ पुढे चांदोलीत आढळला. त्या दोहोंमधील वाट अजून चालती आहे, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता? विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड व चंदगड येथील रानांना अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्रांचा दर्जा मिळाला, तो ही वाट राखण्याच्याच हेतूने. मागील प्रकरणातील गणित येथे पुन्हा लागू पडते. एकेक रान अलग पडले की त्यातील कळप हा मोठ्या पिंजऱ्यातील कळपच ठरतो.

चौथा प्रश्न नाजूक आहे. ज्योतिबा देवस्थानचा सुंदर हत्ती २०१४ साली कर्नाटकातील बन्नेरघट्टा येथे, आणि नांदणी मठाची माधुरी हत्तीण २०२५ साली न्यायालयाच्या निर्णयानुसार गुजरातेत जामनगर येथे हलविली गेली. दुसऱ्या प्रसंगी जिल्ह्यात मोठा लोकक्षोभ उसळला. ह्या वादात तीन प्रश्नांची गल्लत होते. त्या एका प्राण्याची प्रकृती व सुख हा पहिला प्रश्न. त्याचा निर्णय पशुवैद्यकाने पुराव्यावरून द्यावयाचा. समाजाचा त्या प्राण्याशी जडलेला जिव्हाळा हा दुसरा. तो खरा असतो व त्याची उपेक्षा करून कोणतेही संरक्षण यशस्वी होत नाही. हत्तीची जात टिकणे हा तिसरा. आणि बंदिवासातील एकटी हत्तीण मठात असो की मोठ्या प्राणिकेंद्रात, पैदास व पुनर्वसन ह्यांची योजना नसेल तर त्या प्रश्नावर तिचा परिणाम होत नाही. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला किंवा दुसऱ्याचे पहिल्याला लावणे अशास्त्रीय होय.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. प्राणिसंग्रहालय हे शिक्षणाचे साधन आहे, जखमी प्राण्याचा आसरा आहे, आणि अत्यंत संकटात सापडलेल्या जातीचे बियाणे सांभाळणारे कोठार होऊ शकते. रानाची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. करवीरच्या भूमीने ह्याचा पुरावा दोन्ही बाजूंनी दिला आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे काम पुष्कळ आहे. शेणाच्या नमुन्यांवरून राधानगरी व चांदोली येथील गव्यांचा आनुवंशिक संबंध तपासता येईल. कोणते पीक, कोणत्या महिन्यात व रानापासून किती अंतरावर तुडविले जाते, ह्याची गाववार नोंद भरपाईच्या व्यवस्थेस उपयोगी पडेल. संस्थानी दफ्तरांतील शिकारखान्याचे जमाखर्च मोडी जाणणाऱ्याने वाचले, तर कोणते प्राणी केव्हा होते व केव्हा दिसेनासे झाले, ह्यावर प्रकाश पडेल. ह्यासाठी प्राणिशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र ह्या विभागांनी एकत्र बसावयास हवे. पारध्यांच्या व धनगरांच्या वस्त्यांवर जी रानाची माहिती तोंडी उरली आहे, ती मात्र प्रथम टिपून घ्यावी. कारण दफ्तरे आणखी काही वर्षे थांबू शकतील, ती सांगणारी वृद्ध माणसे थांबू शकणार नाहीत.